पुण्याची मोठी पार्टी

वेबसाईट काढायचं माझ्या डोक्यात आलं ते सकाळी चहा करताना, आणि कारण अगदी साधं होतं. चहा दोन कप झाला होता. तेरा महिने मी घरात एकटा आहे, पण तेरा महिन्यांत मला एका कपाचं पाणी ठेवता आलेलं नाही. उरलेला कप मी दुपारी गार पितो आणि कुणी पाहिलंच तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सांगतो.

आमची मंडळी पुण्याला आहे. मुलगा विजयकुमार तिथे नोकरीला, सूनबाई प्रतिक्षाही नोकरीला. मागच्या वर्षी ऐन उन्हाळ्यात नात झाली, तेव्हा ही दोन महिन्यांत येते म्हणून गेली. जाताना लोणच्याच्या बरणीला नवं फडकं बांधून गेली आणि मी यायच्या आत सोडू नका म्हणाली. ते फडकं अजून तसंच आहे. मीही मध्ये पुण्याला राहून बघितलं. नवव्या मजल्यावर अकरा दिवस काढले, आणि हयातीचा दाखला द्यायचा आहे असं सांगून परत आलो. मी जिवंत आहे हे सिद्ध करायला मला आखाडा बाळापूरच लागतं.

आता गुढीपाडव्यापासून नात पाळणाघरात जाऊ लागली. म्हणजे हिला यायला काही अडचण नव्हती. फक्त कुणीतरी 'ये' म्हणायला पाहिजे होतं, आणि ते माझ्याच्याने होईना. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण मी सरकारी कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. हजारो पत्रांना उत्तरं लिहिली, पण 'तुझ्यावाचून करमत नाही' असा मसुदा कुणी माझ्यापुढे ठेवला नाही. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. मी सांगायचो गॅस मिळाला, लाईट सहा तास नव्हती, दूधवाला पाणी घालतो. ती सांगायची नातीला दात येतोय. मग मी 'ठेवतो' म्हणायचो. ठेवल्यावर फोनकडे बघत बसायचो.

तर माझा बेत असा होता. हिच्या हातच्या शेवयांना मोठं नाव होतं. पाटावरच्या शेवया, यंत्रावरच्या नाहीत. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका सावडीनं शेवया करतात, म्हणजे आज चौघींनी मिळून एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही, हाताला हात द्यायचा. घरच्यापुरत्या झाल्या की उरलेल्या ही विकायची, आणि पाव्हण्यारावळ्यांमार्फत त्या पार नांदेडपर्यंत जायच्या. मी विचार केला, वेबसाईट काढली की ऑर्डरी येतील. ऑर्डरी आल्या की शेवया लागतील. शेवया लागल्या की हिला यावंच लागेल. बोलवायचा प्रश्नच नाही. धंद्याची निकड आहे, मी तरी काय करणार.

बसस्टँडजवळ रत्नपालचं ऑनलाईन सेवांचं दुकान आहे. बायको, दोन लेकरं आणि तीन कॉम्प्युटर एवढा त्याचा संसार. पीकविम्यापासून पासपोर्टपर्यंत सगळ्यांचे अर्ज तोच भरतो, त्यामुळे गावात कुणाचं काय अडलंय हे त्याला माणसाच्या आधी कळतं. त्याने अर्ज उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, मालकिणीचं नाव काय. मी म्हटलं, लिही, विजूची आई. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला खरंच एक मिनिट लागलं. चौतीस वर्षांत ते नाव मी लग्नाच्या दिवशी एकदा घेतलं होतं, तेही चार बायकांनी दार अडवलं म्हणून.

"पद्माबाई," मी म्हटलं. दुकानात सोयाबीनच्या अनुदानाचे चार अर्जदार बसले होते. मला उगाच कानात गरम झाल्यासारखं वाटलं.

एवढ्यात आमचे शेजारी रामजीराव आले. रामजीराव निवृत्त मुख्याध्यापक. सल्ला देण्यासाठी त्यांना विषयाची माहिती असावी लागत नाही. वेबसाईटच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द पाहिजेच, असं त्यांनी बजावलं. मी म्हटलं, शेवया अजून जिल्ह्याबाहेर फारशा गेल्या नाहीत. ते म्हणाले, नावाला काय जातंय. शेवटी सगळे शब्द घालून नाव एवढं लांब झालं की रत्नपाल म्हणाला, काका, हे टाईप करेपर्यंत गिऱ्हाईक बाजारातून शेवया घेऊन घरी जाईल. मग 'पद्माबाईंच्या शेवया' एवढंच ठेवलं. रामजीराव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

खाण्याची वस्तू विकायची म्हणजे सरकारी नोंदणी लागते. त्यासाठी जागेचा नकाशा मागितला. मी आमच्या गच्चीचा नकाशा स्वतः पट्टीने आखला, उत्तर दिशा बाणाने दाखवली, पाण्याची टाकी निळ्या शाईने रंगवली. तालुक्याच्या कचेरीतल्या तरुणाने तो उलटा धरून पाहिला आणि उद्या या म्हणाला. हे 'उद्या या' मी स्वतः एकतीस वर्षं म्हणत आलो होतो, पण टेबलाच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती. मी चार वेळा गेलो. चौथ्या दिवशी त्याने सांगितलं, सगळं बरोबर आहे, आता मालकिणीच्या मोबाईलवर नंबर येईल तो सांगा. मोबाईल पुण्यात आणि मालकीणही पुण्यात.

मी बाहेर येऊन फोन लावला आणि म्हटलं, तुला एक सहा आकडी नंबर येईल तो मला सांग. ती म्हणाली, टीव्हीवर सांगतात नंबर कुणालाही सांगायचा नाही. मी म्हटलं, अगं मी बोलतोय. ती म्हणाली, फसवणारा पण असंच म्हणतो. मग खात्री करून घ्यायला तिने मला विचारलं, आपल्या देवघरातल्या समईला किती वाती. मी पाच सांगितल्या. दोन होत्या. तरी तिने नंबर दिला, आणि हे कशाचं म्हणून विचारलं. मी गॅसचं म्हणून सांगितलं. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी फार खोटं बोललो नाही, आणि जे बोललो ते बहुतेक गॅसचं.

वेबसाईट एकदाची सुरू झाली. रत्नपालने कुठून तरी तयार साचा आणला होता, त्याच्यासोबत एका गोऱ्या बाईचा फोटोही आला. सोनेरी केस, हातात हिरव्या पाल्याची वाटी, आणि पाल्याकडे बघून ती खदखदून हसत होती. मी म्हटलं ही काढ. रामजीराव म्हणाले राहू द्या, परदेशी गिऱ्हाईकाला भरवसा वाटतो. चार दिवस ती बाई पद्माबाई म्हणून आमच्या शेवया विकत होती.

भागूबाई आमच्या समोर राहते. तिने तिच्या लेकाच्या मोबाईलवर ते पाहिलं आणि रस्त्यातच मला गाठलं. म्हणाली, भावजी, घरात मूठभर शेवया न्हाई अन् दुकान मांडून राहिले, अन् ही कोन बाई बसवली? मी म्हटलं, धंद्यात आधी नाव करावं लागतं. ती चालायला लागली. पण जाताना आमच्या स्वयंपाकघराच्या बंद खिडकीकडे बघून गेली, ते मला लागलं.

पाचव्या दिवशी पहिली विचारणा आली. वेबसाईटवर एक चौकोन होता, त्यात गिऱ्हाईकाने नाव, गाव आणि प्रश्न लिहायचा. नाव होतं 'एक ग्राहक', गाव पुणे. प्रश्न असा होता: 'ती गोरी बाई कोण?'

रामजीरावांनी तो प्रश्न तीनदा वाचला आणि ही मोठी पार्टी आहे असा निर्णय दिला. मोठी पार्टी आधी माणसं बघते, मग माल. बाई ताबडतोब काढायची आणि खऱ्या मालकिणीचा फोटो लावायचा असं ठरलं. मी घरी येऊन कपाटातले सगळे अल्बम काढले. आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती सांगताना अजून लाज वाटते. हिचा एकटीचा फोटो घरात नव्हताच. प्रत्येक लग्नात, बारशात, मुंजीत ती होती, पण कुणाच्या तरी खांद्यामागे, नाहीतर हातात वाढायचं भांडं घेऊन अर्धी चौकटीबाहेर. विजूच्या लग्नातल्या एका फोटोत तेवढी ती समोर बघत होती. तो कापून घेतला. खांद्यावर विहीणबाईंचा हात राहिला, तो रत्नपालच्याने निघेना. मी दुकानात तो फोटो पडद्यावर मोठा करून बघत बसलो. गिऱ्हाईकं खोळंबली होती, पण रत्नपाल उठा म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पार्टीने विचारलं, 'वाळवण गच्चीवर घालता का? गच्चीचा फोटो टाका.' आम्ही गच्ची झाडून फोटो टाकला. मग विचारलं, 'तुळस दिसत नाही. आहे ना?' तुळस होती, पण वाळली होती. रामजीरावांच्या मते हा प्रश्न स्वच्छतेच्या निकषातला होता. मी बाजारातून नवी तुळस आणली, लावली, दोन वेळा पाणी घातलं आणि फोटो टाकला. त्यानंतर लोणच्याच्या बरणीचा आला: 'लोणचंही ठेवता का? बरणीचं फडकं बदललं का?' मी उत्तर लिहवून घेतलं की, सदर फडकं बदललेलं नसून मालकीणबाईंच्या सूचनेनुसार ते त्या आल्यावरच सोडण्यात येईल.

रत्नपाल ते लिहिताना हळूच म्हणाला, "काका, ही पार्टी रोज दोन वाजताच काहून येती?"

"हापिसाची जेवणाची सुट्टी असेल," मी म्हटलं. तो मान खाली घालून पुढचं टाईप करत राहिला.

खरं सांगायचं तर मला त्या पार्टीची सवय लागली होती. दुपारी दोन वाजले की मी दुकानात हजर. सकाळी उठून आज काय विचारतील याचा विचार करायचो, आणि त्या नादात घर झाडायचो. तेरा महिन्यांत माझ्या घरात इतकं लक्ष कुणी घातलं नव्हतं. एकदा प्रश्न आला, 'सध्या कारखान्यात माणसं किती?' रामजीराव म्हणाले, बारा लिहा, वजन पडतं. रत्नपालची बोटं थांबली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, एक. तेवढंच लिहिलं. त्या दिवशी घरी येऊन मी गार चहा प्यायलो नाही, तुळशीत ओतला, जे करायला नको होतं.

त्यानंतर तीन दिवस पार्टी आली नाही. रामजीराव म्हणाले, बघा, बारा सांगितले असते तर. संध्याकाळच्या फोनवर हीसुद्धा कमी बोलली, सर्दी झाली म्हणाली. चौथ्या दिवशी दोन वाजता प्रश्न आला, आणि रत्नपालने तो वाचून न दाखवता पडदाच माझ्याकडे वळवला.

'भागूबाईची सावड फेडली का?'

मागच्या वर्षी उन्हाळ्यात भागूबाई दोन दिवस आमच्या गच्चीवर शेवया करून गेली होती. तिसऱ्या दिवसापासून हिने तिच्याकडे जायचं होतं, आणि त्याच सकाळी पुण्याहून फोन आला. ते दोन दिवस तसेच राहिले. ही गोष्ट जगात तीन माणसांना ठाऊक होती. एक भागूबाई, तिला मोबाईलवर लिहिता येत नाही. दुसरा मी.

रामजीराव म्हणत होते की सावड म्हणजे पार्टीला मजुरांच्या थकबाकीची माहिती हवी असणार. मी त्यांना गप्प बसा म्हणालो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला असं बोललो नव्हतो. ते खरंच गप्प बसले, आणि थोड्या वेळाने त्यांनाही कळलं. नंबर ज्या मोबाईलवर गेला, त्याच्यावर नोंदणीचं नावही गेलं होतं. पद्माबाईंच्या शेवया. गॅसचं नव्हे, हे तिला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. नात पाळणाघरात झोपलेली असायची, घरात कुणी नसायचं, तेव्हा ही दोन वाजता आपली गच्ची बघत बसायची, आणि मला वाटत होतं मीच एकटा आहे.

रत्नपाल म्हणाला, "काका, उत्तर काय लिहू?"

मी कागद घेतला. 'आपल्या विचारणेच्या अनुषंगाने' इथपर्यंत लिहिलं आणि खोडलं. 'सावड प्रलंबित आहे' असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी कागद घडी करून खिशात घातला आणि सरळ भागूबाईच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, दोन दिवसांची सावड फेडायला आलोय.

ती म्हणाली, "तुमी? शेवया बाया करतेत, भावजी."

मी म्हटलं, "सावड घराची असते. घरात सध्या मीच आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि उद्या सकाळी उन्हाच्या आत या म्हणाली.

त्या दोन दिवसांबद्दल जास्त न बोललेलं बरं. पाटाचं एक टोक बाजेवर, दुसरं खाली. वर बसलेल्या बाईने पिठाचा गोळा तळहाताने वळत वळत बारीक धागा सोडायचा, आणि खाली बसलेल्याने तो तुटू न देता काठीवर घ्यायचा. मला आधी खाली बसवलं. मी घेतलेला प्रत्येक धागा तुटला. मग पीठ तिंबायला दिलं, तर कमरेत उसण भरली. मग वर बसवलं, आणि माझ्या हातून ज्या निघाल्या त्यांना शेवया म्हणायला भागूबाईची सून तयार होईना. गल्लीतली लेकरं भिंतीवर ओळीने बसली होती. कुणीतरी खालच्या रस्त्यावरून ओरडून विचारलं, काका, पेन्शन बंद झाली काय. पण मी उठलो नाही. बायका आपसात हिच्या आठवणी काढत होत्या, पद्माबाईचा धागा कसा केसासारखा यायचा, ती वळताना कशी हळू गुणगुणायची. चौतीस वर्षं खाली पेपर वाचत बसलो आणि गच्चीवर ती गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. माझी मान खाली होती म्हणून कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नपाल भागूबाईच्या गच्चीवर आला आणि फोटो काढला. धोतराला पीठ, चष्म्याला पीठ, हातात माझ्या करंगळीएवढी जाड शेवई, आणि मागे रस्त्यापलीकडे आमच्या गच्चीवरची पिवळी पडलेली तुळस. दुकानात येऊन त्याने विचारलं, खाली काय लिहू.

मी म्हटलं, "लिही. भागूबाईची सावड फेडली. आता तू ये."

"काका, हे सगळ्या दुनियेला दिसंल."

"दिसू दे," मी म्हटलं.

दुनियेचं माहीत नाही, पण आखाडा बाळापूरला तासाभरात दिसलं. चहाच्या टपरीवर माझ्या ओळखीचे आणि अनोळखी मिळून सगळ्यांनी विचारलं, काकू आल्या का. पोस्टमननेही विचारलं. रामजीरावांनी 'आता तू ये' या वाक्याच्या आधी 'प्रिय' हवं होतं असा सल्ला दिला. माझी जी काय अब्रू होती, ती त्या दिवशी गावाने वाटून घेतली. त्या संध्याकाळी पुण्याहून फोन आला नाही, आणि मीही लावला नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजता चौकोन रिकामा. तीन वाजता रिकामा. रात्री रत्नपाल दुकान बंद करायला थांबला होता, पण मीच म्हटलं, जा बाबा, लेकरं वाट बघत असतील.

त्याच्या पुढच्या दिवशी तो स्वतःच घरी आला, हातात कागद घेऊन. वेबसाईटवर गिऱ्हाईकाला तारेही देता येतात, ते मला तेव्हा कळलं. पुण्याच्या पार्टीने आम्हाला पाचपैकी दोन दिले होते, आणि खाली लिहिलं होतं:

'अहो, शेवया लई जाड झाल्या. पीठ तिंबलंच नाही. तुळशीत चहा ओतू नका, पिवळी पडलेली फोटोत दिसतेय. बोलावलं ते बरं केलं, मी पाडव्यापासून पिशवी भरून ठेवली होती. सोमवारच्या गाडीनं येते. तोवर पाटाला हात लावू नका.'

कागद मी आवक म्हणून नोंदवला, तारीख टाकली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. सोमवारी सकाळी उठून चहा ठेवला, तो बरोबर एक कप झाला, नेमका त्या दिवशी. गाडी नऊला होती. मी साडेसहालाच स्टँडवर जाऊन बसलो.